झाकणातली माती

गवत कापायचा मोअर ट्रेलरवर बांधलेला होता आणि डेल्बर्ट कूम्स गाडीतून उतरत नव्हता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोरच्या काचेतून नेव्हा स्ट्राउडच्या शेडकडे बघत बसला होता. नेव्हाने त्याला पाहिलं, पण हातातलं काम खाली ठेवलं नाही. गरज ज्याची, त्याने उतरावं.

पंचवीस वर्षांत हा माणूस तिच्या दारात आला नव्हता. टर्मन गावात एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक दफनभूमी. इंडियानाच्या दक्षिणेकडल्या अशा एवढ्याशा गावात पंचवीस वर्षं एकमेकांची तोंडं चुकवणं सोपं नसतं, दोघांनी ते नेटाने साधलं होतं. डेल्बर्टचं काहीही बिघडलं की तो ते बावीस मैल लांब मोठ्या गावी न्यायचा. पण मे संपत आला की तिथे गवत कापायच्या यंत्रांची रांग लागते. यंदा त्यांनी त्याला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्याच्यापाशी तीन दिवस होते.

अखेर उतरला. टोपी काढली, परत घातली.

“सुरूच होत नाही,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“हिवाळ्यानंतर बाहेर काढला तेव्हापासून. बॅटरी नवी घातली, प्लग बदलला.”

“आणि पेट्रोल?”

“ते भरलेलंच होतं.”

नेव्हाने मोअरभोवती एक फेरी मारली. बसून चालवायचा, चांगला दणकट मोअर. सीटवर गादी बांधलेली. खाली पात्यांवरचं पत्र्याचं आवरण हिरवं. त्या हिरव्या रंगाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

“शनिवारी सकाळी पाहिजे असेल,” ती म्हणाली.

“तुला माहीतच आहे.”

तिला माहीत होतं, सगळ्या गावालाच माहीत होतं. मेच्या शेवटच्या रविवारी लांबलांबून लोक येतात, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, झाडाखाली सतरंज्या टाकून कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड खातात. आदल्या दिवशी दफनभूमीतलं गवत कापलेलं असावं लागतं, आणि ते कापायचं डेल्बर्टने. दफनभूमीच्या समितीचा अध्यक्ष तो, मोअर त्याचा, गवतात उमटणाऱ्या सरळ रेघाही त्याच्याच. अडतीस वर्षं. कुणी दुसऱ्याने मदतीला येतो म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

“ठेव,” नेव्हा म्हणाली. “शुक्रवारी संध्याकाळी ये.”

तो गेल्यावर तिने हात पुसले, शेडच्या पायरीवर बसली आणि थंड झालेली कॉफी घोटाघोटाने संपवली. घाई नव्हती. पंचवीस वर्षं थांबलेल्या बाईला कसली घाई?

नेव्हा इंजिनांमध्येच वाढली. थोरल्या दोघी बहिणी आईच्या हाताखाली ॲपल-पाय भाजायला शिकल्या, धाकटी नेव्हा बापाच्या शेडमध्ये नटबोल्ट निवडत बसायची. बापाचं एक सांगणं असे, इंजिनाला तीन गोष्टी लागतात, हवा, ठिणगी आणि पेट्रोल. माणसं ठिणगीच्या मागे लागतात, दहापैकी आठ वेळा दुखणं असतं पेट्रोलचं. बाप गेला, शेड तिच्याकडे आली. लग्न झालं ते रॉलंडशी. रॉलंड लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी असला की तिच्या मागे उभा राहून हत्यारं हातात द्यायचा. तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

एक्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यांना मुलगी झाली, लीटा मे. अकरा दिवस जगली. एवढ्याशा पेटीला एवढासा दगड. त्या दगडावर बसलेलं पांढरं कोकरू करून घेण्यासाठी रॉलंडने आपली शिकारीची बंदूक विकली होती. पुढे मूल झालं नाही. दर रविवारी चर्चहून परतताना नेव्हा देवदारांच्या सावलीतल्या लहान मुलांच्या ओळीत जायची, वाकायची, आणि त्या कोकराच्या पाठीवरून हात फिरवून घरी यायची. तेवढंच तिचं आईपण होतं.

चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये ती गेली तर कोकरू नव्हतं. दगडाचा माथा तुटलेला, तुटलेली बाजू मिठासारखी ताजी पांढरी, आणि तिच्यावर बोटभर लांब हिरव्या रंगाचा ओरखडा. इंजिनांत आयुष्य गेलेल्या बाईला तो ओरखडा कशाचा हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

ती समितीपुढे गेली. चर्चच्या तळघरात सहा पुरुष बसले होते. तिने शांतपणे सांगितलं, मोअर लागलाय, कोकरू कुठे आहे एवढं सांगा, मी चिकटवून घेईन. डेल्बर्ट मधोमध बसला होता. शाळेच्या बसमध्ये चार वर्षं तिच्यापुढच्या बाकावर बसलेला, तिच्या लग्नात नाचलेला माणूस. तो म्हणाला, “दंवानं झालं असेल, नेव्हा. दगड आहे, दंवानं फुटतो.”

थंडीत गोठणारं दंव, आणि तेही जूनमध्ये. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं, आणि पाच जणांनी माना हलवल्या. एकाने तिच्यापुढे कॉफीचा कप सरकवला, जसा शोकातल्या, ताळ्यावर नसलेल्या बाईपुढे सरकवतात तसा. रॉलंडने तिची बाही ओढली आणि ती घरी आली.

दगड फुटला याचं दुःख तिने केव्हाच गिळलं असतं. अपघात आहे, होतो. पण सहा जणांसमोर तिला खुळी ठरवून तिच्यापुढे तो कप सरकवला गेला, त्याचा तिने डूख धरला. नागीण धरते तसा. वर्षामागून वर्षं ती त्या शनिवारी ओळीत जाऊन बसायची आणि कान देऊन ऐकायची. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीतून मोअर निघायचा, कुंपणाच्या कडेने दोन वेढे, मग पूर्वेकडचे जुने दगड, मग मुलांची ओळ. गेटपासून इथपर्यंत वीस मिनिटं. तिच्यासमोरून जाताना डेल्बर्ट वेग वाढवायचा आणि मान वळवायचा नाही.

गुरुवारी सकाळी नेव्हा कामाला लागली. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून वास घेतला. जुन्या रोगणासारखा आंबूस वास. मग टाकीखालची नळी सोडून काचेच्या बरणीत पेट्रोल घेतलं आणि बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळात दोन थर वेगळे दिसायला लागले, वर पिवळं, खाली गढूळ.

तेवढ्यात तिची नणंद लुएला आली. रुबार्बचा गोड पाय भाजून आणल्याचं निमित्त, खरं म्हणजे डेल्बर्टचा मोअर इथे असल्याची बातमी तिला पेट्रोल पंपावर कळली होती.

“हे काय, लिंबाचं सरबत केलंस?” बरणीकडे बघत तिने विचारलं.

“पिवळ्या मुठीच्या पंपाचं आहे. मक्याचं.”

लुएला खुदखुदली. मक्याची दारू, म्हणजे इथेनॉल, मिसळलेलं पेट्रोल पिवळ्या मुठीच्या पंपातून मिळतं. ते मोटारींसाठी, आणि तेही सगळ्या नव्हे. मोअरच्या इंजिनाला ते चालत नाही, हवेतलं पाणी ओढून घेतं, रबर खातं, हिवाळाभर टाकीत राहिलं तर विचारूच नका. पण डेल्बर्ट सहाशे एकर मका लावणारा माणूस. आपलंच पीक आपल्याच टाकीत, असं तो चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्याने सांगायचा.

“देवानं त्याला तुझ्या दारात आणून टाकलाय, वर रिबीन बांधून,” लुएला म्हणाली. “काय करणार आहेस?”

“दुरुस्त.”

“नुसताच?”

नेव्हाने पाना उचलला. लुएला मग जरा ओशाळली, आणि रुबार्ब-पायचे तुकडे करता करता म्हणाली की पाद्रीबाबा काय सांगतात, सूड उगवणं देवाकडे सोपवावं.

“सोपवलंच होतं,” नेव्हा म्हणाली. “पण देवालासुद्धा हाताखाली माणूस लागतं.”

दिवसभर ती त्या इंजिनापाशी होती. टाकी रिकामी करून धुतली. फिल्टर चॉकलेटी झाला होता, बदलला. नळी आतून फुगून चिकट झाली होती, तीही बदलली. कार्ब्युरेटर उतरवला, त्याची वाटी उघडली तर तळाशी हिरवट पांढरा थर, दुधाच्या भांड्याला धरतो तसा. बारीक भोक बुजलेलं. तारेचा एकच धागा घेऊन तिने ते मोकळं केलं, उजेडासमोर धरलं, पलीकडचं आभाळ दिसलं तेव्हा खाली ठेवलं. सगळं परत बसवलं, मक्याचा अंश नसलेलं चांगलं पेट्रोल घातलं, चावी फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

तिने शेडमागच्या पडीक तुकड्यावर मोअर चालवून बघितला. रेघा सरळ येत होत्या, आवाज एकसारखा. आणि सव्विसाव्या मिनिटाला इंजिन आचके देऊन बंद पडलं.

नेव्हा सीटवरून हलली नाही. टाकीच्या बाजूला आतलं दिसेल अशी पारदर्शक पट्टी होती, पेट्रोल भरपूर दिसत होतं. तिने झाकण अर्धा आटा सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली. चावी फिरवली, इंजिन लागलं.

झाकण काढून तिने उलटं केलं. त्याला हवा आत घ्यायला एक भोक असतं. पेट्रोल जसं खाली जातं तशी वरून हवा यावी लागते, नाहीतर टाकी आतल्या आत ओढली जाते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. त्या भोकात माती होती. कुंभारीण माशीने हिवाळ्याआधी कधीतरी येऊन, चिमटीभर चिखल आणून ते लिंपून टाकलं होतं, नीट, वरून गुळगुळीत करून. टोचणीने उकरलं की दोन सेकंदांचं काम.

टोचणी नेव्हाच्या हातात होती.

ती उठली, शेडमधून घड्याळ आणलं. झाकण तसंच घट्ट लावून, टाकी वेगवेगळी भरून तिने दोनदा मोअर चालवला. टाकी जितकी भरलेली, तितकी आत हवा कमी, आणि तितकं इंजिन लवकर गुदमरायचं. गळ्यापर्यंत भरली तेव्हा एकोणीस मिनिटं आणि काही सेकंद.

एकोणीस मिनिटं पुरेत, असं तिला वाटलं.

शुक्रवारी दुपारी तिने नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून हँडलला बांधली. टाकी धुतली, नळी बदलली, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. पाचव्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. तीस वर्षांत तिच्या शेडमधून अर्धवट दुरुस्त झालेलं एकही यंत्र बाहेर गेलं नव्हतं. हे तिला बोचलं, पुष्कळ बोचलं. पण चिठ्ठीत खोटं काही नव्हतं, आणि तिने पेन्सिल कानामागे खोचली.

डेल्बर्ट आला. इंजिन एका झटक्यात लागलेलं ऐकून त्याचा चेहरा सैलावला.

“टाकी भरून दिली आहे,” नेव्हा म्हणाली. “आणखी घालायला झाकण उघडू नकोस. पट्टीतून दिसतं.”

तो आभार मानायला लागला तेव्हा ती वळून आत गेली.

शनिवारी सकाळपासूनच हवा दमट होती आणि पश्चिमेला ढगांची भिंत उभी राहत होती. बायका दगड घासायला, डब्यांना चांदीचा कागद गुंडाळून त्यांत पिओनीची फुलं मांडायला आल्या होत्या. नेव्हाने लेकीच्या दगडाशेजारी घडीची खुर्ची उघडली, मांडीवर फुलांचा डबा घेतला, मनगट वर करून घड्याळ बघितलं. लुएला बादली घेऊन दोन दगड पलीकडे होती.

मोअर निघाला. कुंपणाचा एक वेढा, दुसरा वेढा. मग जुने दगड. डेल्बर्ट मुलांच्या ओळीला वळला आणि सवयीने त्याने वेग वाढवला. पोहोचला, आणि इंजिनाने आचका दिला. एक, दोन, आणि गप्प. नेव्हाच्या खुर्चीपासून सहा पावलांवर.

पट्टीत पेट्रोल होतं. त्याने चावी फिरवली, परत फिरवली. उतरला, वाकला, प्लगची वायर दाबून बघितली. नेव्हा फुलांवरच्या मुंग्या एकेक करून झटकत होती. पाच मिनिटांनी इंजिन लागलं, दोन दगड पुढे गेलं आणि बंद पडलं. मग परत लागलं, परत पडलं. त्याच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. बायकांनी घासणं थांबवलं होतं. पश्चिमेला एकदा गडगडलं.

शेवटी तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“नेव्हा, काय झालंय त्याला?”

तिने वर बघितलं. “दंवानं झालं असेल.”

डेल्बर्टने मोअरकडे वळून बघितलं.

“लोखंड आहे,” ती म्हणाली. “दंवानं बिघडतं.”

बादलीत ब्रश टाकून लुएला तोंड फिरवून उभी राहिली. कुणी हसलं नाही. डेल्बर्टने टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही. तो त्या अर्ध्या दगडाकडे बघत होता, बहुधा पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

“दंव नव्हतं,” तो हळू म्हणाला.

“मोठ्यानं बोल. इंजिनांत राहून माझे कान गेलेत.”

“दंव नव्हतं. मी होतो. वळण घेताना पत्रा लागला.” आणि मग, कुणी न विचारताच, “त्याच आठवड्यात समितीची निवडणूक होती. आधी बोललो नाही, मग बोलायचं राहूनच गेलं.”

“कोकरू कुठे टाकलंस?”

“टाकलं नाही. गेटच्या खोलीत आहे. रंगाच्या डब्यांमागे, पोत्यात.”

नेव्हाच्या हातातला डबा गवतात ठेवला गेला. नाला, उकिरडा, जळलेली पानं, सगळ्या जागा तिने मनात धरल्या होत्या. ही धरली नव्हती. दर रविवारी ती त्या खोलीवरून चालत आली होती, जाताना एकदा, येताना एकदा. रॉलंडच्या शवपेटीमागून चालली तेव्हासुद्धा. तिला वाटलं होतं, तो बोलला की आतली आग निवेल. उलट ती आणखी भडकली.

“घेऊन ये,” ती म्हणाली. “पोत्यातून काढून आण. हातात धरून.”

तो गेला. गेटपर्यंत जाऊन यायला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला, बराच वेळ लागतो. येताना तो सगळ्या बायकांमधून आला, पांढरं कोकरू दोन्ही हातांनी पोटाशी धरून. त्याचा एक कान गेला होता. नेव्हाने ते घेतलं नाही, दगडाकडे बोट केलं. डेल्बर्ट गुडघ्यांवर बसला आणि ते तुटक्या जागेवर टेकवलं. पहिल्यांदा कललं, मग खाच जुळली आणि बसलं.

तेव्हा ती म्हणाली, “टाकीचं झाकण अर्धा आटा सैल कर. आणि चालव.”

त्याने झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो वळून तिच्याकडे बघत राहिला. अडाणी माणूस नव्हता तो, काय केलं गेलंय ते त्याला कळलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पण बोलणार काय, आणि कुणाकडे?

सैल झाकणातून प्रत्येक वळणाला पेट्रोल उडून त्याच्या विजारीवर पडत होतं. त्याने पश्चिमेकडची बाजू संपवली, मधली संपवली. आपल्या कूम्स घराण्याच्या चार ओळी तो नेहमी शेवटी ठेवायचा, सावकाश, जास्त निगुतीने कापायला. त्यांच्यापाशी पोहोचला आणि पाऊस कोसळला. पाऊस रात्रभर थांबला नाही.

रविवारी मोटारी आल्या, सतरंज्या पसरल्या, सगळीकडे सरळ रेघा होत्या. फक्त गेटसमोर, येणाऱ्याची पहिली नजर जिथे पडते तिथे, डेल्बर्टच्या आईबापांचे आणि आजोबांचे दगड घोटाभर ओल्या गवतात उभे होते. कुणी विचारलं की तो एवढंच म्हणे, पाऊस आला. बायका काही बोलत नव्हत्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

चर्चमध्ये नेव्हा नेहमीच्या बाकावर बसली. प्रार्थनेच्या वेळी तिने डोळे मिटले आणि एक यंत्र अर्धवट दुरुस्त करून दारातून जाऊ दिलं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागितली. डेल्बर्टचा विषय तिने काढला नाही.

सोमवारी सकाळी टोचणी खिशात टाकून ती कूम्सच्या गोठ्यापाशी गेली. डेल्बर्ट दारात आला, पण जवळ आला नाही. तिने झाकण काढलं, भोकातली माती उकरली, फुंकर मारून बघितली. मग हँडलची चिठ्ठी हातात घेतली. पावसाने पुठ्ठा फुगला होता, तरी पेन्सिल उमटली. पाचव्या ओळीत तिने लिहिलं, झाकण साफ केलं.

वाटेवर लुएला भेटली. तिने गाडीची काच खाली करून विचारलं, मग, माफ केलंस का त्याला?

“मोअर दुरुस्त झालाय,” नेव्हा म्हणाली, आणि कोकरू चिकटवायला कुठला गोंद पावसात टिकतो, ते विचारायला पेट्रोल पंपाकडे वळली.